आई कराडला गेली आहे

"गाडी पुढं नेऊ नका," मार्था सिस्टर म्हणाल्या, आणि ड्रायव्हरनं दूध डेअरीच्या मागं, बाभळीच्या आडोशाला गाडी लावली. गाडीच्या दोन्ही अंगांना हिरव्या अक्षरांत 'परिहार सेवा' असं लिहिलेलं होतं. परिहार म्हणजे वेदना हलक्या करणं, हे त्या भागात कुणाला कळत नसे. पण ही गाडी ज्या दारात थांबते तिथलं माणूस बरं होऊन हिंडायला लागत नाही, एवढं पंचक्रोशीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून घरचे लोक हात जोडून सांगायचे, गाडी लांब लावा.

"आपण काय चोर आहोत?" मी विचारलं.

"चोर परवडले," सुमेध म्हणाला. "ते निदान काहीतरी घेऊन जातात. आपण रिकाम्या हातांनी येतो नि रिकाम्या हातांनीच जातो."

सिस्टरांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून पिशवी खांद्याला लावली. सुमेध आणि मी समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होतो, आणि आठवड्यातून दोन दिवस या गाडीबरोबर हिंडणं हा आमच्या अभ्यासाचा भाग होता. सुमेधनं तो निमूट पत्करला होता. माझ्या नशिबी तो माझ्याच जिभेनं आला होता. वर्गात या विषयावर चर्चा झाली तेव्हा एकजण म्हणाला, जे वाचणार आहेत त्यांच्यावर पैसा खर्च करा की. दुसरी म्हणाली, मरणाऱ्याच्या उशाशी बसून देवाचं नाव घ्यायला पदवी कशाला लागते? मग मी उठले आणि ठणकावून सांगितलं, "जिथं आजार बरा होणार नाही, योजना लागू होणार नाही, कायद्याचा उपयोग नाही, तिथं करण्यासारखं काहीच नसतं. तिथं समाजकार्य कशाला?" वर्गानं माना डोलावल्या. सर नुसते हसले आणि पुढच्या आठवड्यात माझं नाव या कामावर टाकलं.

माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी. घरी मला जेवायलाही नीट मांडी घालून बसवत नसे. आणि इथं काम काय, तर बसायचं. कुणाच्या तरी खाटेशेजारी बसायचं, गोळ्या किती राहिल्या ते बघायचं, झोप लागते का विचारायचं आणि परत यायचं. वीटभट्टीवरच्या मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या एका संस्थेत जागा रिकामी झाली होती. मला ती हवी होती, आणि परतीच्या वाटेवर सिस्टरांना तसं सांगून मोकळं व्हायचं मी ठरवलं होतं.

गल्लीच्या तोंडाशीच विलासअण्णा जगदाळे आम्हाला आडवे आले. इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध, चेहरा मात्र परीक्षेला बसल्यासारखा.

"सिस्टर, आज नको होतं. पाव्हणं यायला लागल्यात. स्वप्नालीला बगायला. काल रातीला निरोप आला."

"वहिनींचं दुखणं कसं आहे?"

"हाय तसंच. पण त्यांना सांगितलंय, शालन कराडला गेलीया. भणीच्या सुनंचं बाळंतपण हाय म्हणून." अण्णा माझी नजर चुकवत म्हणाले. "ती आतल्या खोलीत हाय. मागल्या दारानं जावा, पटकन बगा आन् मागल्या दारानंच..."

माझ्या अंगाची लाही झाली. लेकीला बघायला माणसं येणार आणि जिवंत आईला अडगळीत सारायचं. वर्गात शिकलेली सगळी मोठमोठी तत्त्वं ओठावर आली. सिस्टरांनी माझं मनगट दाबलं म्हणून तिथंच राहिली.

मागची खोली स्वयंपाकघर आणि परसू यांच्या मधली. एका बाजूला ज्वारीची पोती, एक जुनी ट्रंक, आणि भिंतीला लागून खाट. आजारामुळे येणारा वास लपवायला इतक्या उदबत्त्या लावलेल्या, की डोळे चुरचुरत होते. खाटेवर शालनमावशी. गर्भाशयाचा कॅन्सर, कमरेपर्यंत आणि मांडीपर्यंत पोचलेला. ऑपरेशनची वेळ केव्हाच टळली होती, आणि आता दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी, एवढाच उपाय उरला होता. बाई हडकली होती, पण केस चापूनचोपून विंचरलेले, कुंकू ठसठशीत.

सिस्टरांनी नाडी बघितली, पोट बघितलं, गोळ्या मोजल्या. त्यांना पुढच्या गावात एक म्हातारे बघायचे होते. त्या उठल्या तसं शालनमावशीनं माझ्याकडं बोट केलं.

"ही पोरगी हितं ऱ्हाऊ दे. जाताना घिऊन जावा."

"केतकी? हिचा काय उपयोग तुम्हाला?" सिस्टर हसून म्हणाल्या. "ही एका जागी ठरत नाही."

"तशीच पायजे."

सुमेध माझ्याकडं बघून डोळ्यांनी हसला आणि सिस्टरांमागं निघून गेला. फोनला रेंज नव्हती. बसायला एक स्टूल होतं, ते डगडगत होतं. मी उभीच राहिले, आणि दार लोटल्याबरोबर तोंड उघडलं.

"मावशी, हे बरोबर नाही. घर तुमचं आहे, मुलगी तुमची आहे. तुम्हाला असं कोंडून ठेवायचा हक्क कुणालाही नाही. मी बोलते अण्णांशी."

तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं? आता बस. उभ्या माणसासंगं मला बोलाय येत न्हाई." मी टेकले. "कोंडतंय कोण मला? कराडची अक्कल माझीच हाय. ह्यांना कुठलं सुचतंय? ह्यांनी मिरजंला गेलीया म्हणून सांगितलं असतं. आन् मिरजंला माणूस दवाखान्यापायीच जातंय, हे शेंबड्या पोरालाबी ठाऊक हाय."

ती सांगत गेली. मधूनच थांबायची, मांडी दाबून धरायची आणि परत सुरू करायची. गेल्या दिवाळीला एक स्थळ जमत आलं होतं. साखरपुड्याची साडीसुद्धा घेतली होती. मग त्यांच्या कानावर गेलं की मुलीच्या आईला पिशवीचा रोग आहे. आईला झाला म्हणजे लेकीलाही होणार, असं म्हणून त्यांनी साडी ठेवून घेतली आणि नकाराचा निरोप पाठवला.

"मी गेले की वरीसभर घरात कार्य न्हाई. आन् वर्षानं बिन आईच्या पोरीला कसली सासू मिळती, सांग? मिळंल तसली. पोरीचं म्हायार माझ्यासंगंच जाणार. बाप काय, चार दिस बोलवंल, पाचव्या दिशी भाकरी कोण करंल म्हणून बसंल. मला जावई बगायचा न्हाई. पोरं समदी सारखीच. मला त्याची आई बगायचीय."

"पण तुम्ही तर आत..."

"म्हणून तर तुला ठिवून घेतली. माझ्या चुलतभणीची पोरगी म्हणून जा बाहीर. पाणी दे. बाईला बग आन् मला यिऊन सांग."

एवढ्यात स्वप्नाली आली. मोरपंखी साडी नेसलेली, निऱ्या एका हातात धरलेल्या, दुसऱ्या हातात गोळी आणि पाणी. "आई, बाराची." शालनमावशीनं गोळी घेतली, पाणी प्याली. पोरगी वळल्यावर तिनं मूठ उघडून दाखवली. गोळी तळहातावरच होती.

"ही घेतली की डोळं मिटत्यात. पाव्हणं गेल्यावर घेईन."

"मावशी, दुखेल फार."

"दुखंल की."

करण्यासारखं काहीच नसतं असं मी वर्गात ठासून सांगितलं होतं. इथं करण्यासारखी नेमकी एक गोष्ट होती, आणि बाई तीच करू देत नव्हती. तिच्यावर जबरदस्ती करावी, की स्वप्नालीला हाक मारावी, की पळत डेअरीपर्यंत जावं? गाडी तर तिथं नव्हतीच. मी खोलीत दोनदा येरझारा घातल्या. तिसऱ्यांदा वळले तोच बाहेर चपलांचा आवाज आला आणि शालनमावशीनं मला हातानं ढकललं.

बाहेरच्या सोप्यात तिघं बसले होते. मुलगा अमर थोरात, साखर कारखान्यात नोकरीला. त्याचा मामा, बोलघेवडा. आणि त्याची आई रत्नाबाई, हिरवं इरकल, डोक्यावरून पदर, तोंड मिटलेलं. मी पाण्याचे पेले ठेवले.

"ह्या कोण?" मामांनी विचारलं.

"भाची आहे," अण्णांच्या आधी मीच म्हणाले.

"गावची?"

"इचलकरंजीची."

"आं? इचलकरंजीत तर आमचा निम्मा गोतावळा हाय. कुणाच्यातली तुम्ही?"

"लांबची आहे मी."

"किती लांबची?"

"बरीच लांबची," मी म्हणाले आणि रिकामा तांब्या उचलून आत पळाले. रत्नाबाईची नजर माझ्या पाठीला लागलेली मला कळत होती.

"सांग," शालनमावशी म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता.

"उंच आहे, सावळा. हसतो छान. आपल्या चपला भिंतीकडेला नीट..."

"त्याचं नगं. तिचं सांग."

"बोलत नाहीत काहीच. पोह्यांना हातसुद्धा लावला नाही. सारखं दाराकडं बघतात."

"कुठल्या दाराकडं?"

"या."

मधली भिंत वर माळवदाच्या छतापर्यंत गेलेली नव्हती, त्यामुळं बाहेरचं बरंचसं ऐकू यायचं. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, पुढं शिकायचं आहे का. स्वप्नाली एका एका शब्दात उत्तरं देत होती. मामांनी द्राक्षाचे भाव काढले आणि अण्णा जीव मुठीत धरून त्यांच्या हो ला हो करत राहिले. इकडं शालनमावशीनं पदराचा बोळा दातांत धरला होता. दुखणं कमरेतून वर चढत होतं. ती पाय जवळ घ्यायची, लांब करायची, परत जवळ घ्यायची. खाट करकरली की दोघींचेही श्वास थांबायचे. माझा हात तिनं असा धरला होता की बोटं बधिर झाली. तो सोडवून घेऊन कुठंतरी धावत सुटावं असं मला सारखं वाटत होतं, आणि तसं वाटल्याचा रागही येत होता.

"घ्या ना गोळी," मी कुजबुजले. "मी सांगेन तुम्हाला सगळं. एक शब्द गाळणार नाही."

तिनं मान हलवली. बोळा काढून म्हणाली, "अजून बाई बोलली न्हाई."

आणि तेवढ्यात बाई बोलली.

"हात धुवायचा हाय. मोरी मागं असंल न्हवं?"

"मी पाणी आणते," स्वप्नालीचा घाबरा आवाज आला. "तुम्ही बसा."

"बसून आंग आंबलं. येते मीच."

पावलं स्वयंपाकघरातून थेट आमच्याकडं आली. मी उडी मारून दारात उभी राहिले.

"आत अडगळ आहे," मी म्हणाले.

"अडगळीला एवढ्या उदबत्त्या?" रत्नाबाई म्हणाली, आणि मला हलकेच बाजूला करून आत आली.

तिनं खाटेवरच्या बाईला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. शालनमावशीनं तोंडातला बोळा काढला आणि पदर सारखा केला. कुणी कुणाला नमस्कार केला नाही. मग रत्नाबाई ज्वारीच्या पोत्यावर बसली.

"कराड लई जवळ आलंया," ती म्हणाली.

शालनमावशीनं पदर आणखी पुढं ओढला.

"तुमच्या गावच्या दोन पोरी आमच्यात नांदत्यात. ती पांढरी गाडी डेअरीमागं थांबती, हे आमच्या गावात मला दोन म्हैन्यामागंच कळलं. समदं ठाऊक असूनच आले मी."

"मग कशाला आलासा?" शालनमावशीचा आवाज फुटत होता. "माझ्या पोरीला काय झालं न्हाई. डाक्टरनं सांगितलंय, आईचं लेकीला येतंच असं न्हाई. विचारा ह्या पोरीला."

"मला डाक्टरचं काय करायचंय? माझी सासू तीन वरसं हातरुणावर हुती. हगणंमुतणं समदं केलं मी, तवा आजाराला मी भीत न्हाई." रत्नाबाईनं पोत्यावरचे ज्वारीचे दाणे हातानं झाडले. "मी म्हटलं, ज्या घरात असं दुखणं हाय, त्या घरची पोरगी आपल्या आईला कसं ठिवती, ते बगून यावं. उद्या मी पडले तर मला कुठल्या खोलीत टाकतील, तेवढं मला कळंल. आन् हितं आले तर आईच कराडला."

ज्या दुखण्यापायी स्थळ जाईल म्हणून सगळ्यांनी जीव आटवला होता, त्यापायी ते जात नव्हतं. लपवण्यापायी जात होतं. बोलण्यात मी कुणाला हार जात नसे. पण त्या खोलीत मी नुसती खाटेकडं सरकले.

शालनमावशीनं खाटेच्या कडेला धरून स्वतःला वर ओढलं. मी हात द्यायला गेले तर तो तिनं झिडकारला.

"पोरीनं न्हाई लपवलं," ती म्हणाली. "ती दोन रोज रडतीया. आईला आत ठिवून मी बाहीर बसणार न्हाई म्हणाली. मीच तिला माझी आण घातली. बाई, मला कुणी दडवलं न्हाई. मी दडले. पोरीच्या माथी मारू नगासा."

रत्नाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिची नजर शालनमावशीच्या मुठीवर गेली. ती उठली, खाटेपाशी आली आणि ती मूठ आपल्या हातांनी उघडली. गोळी घामानं विरघळून तळव्याला चिकटली होती.

"ही घेतली न्हाई?"

"झोप येती. तुमचं बोलणं ऐकायचं हुतं."

रत्नाबाईनं आपल्या इरकलाच्या पदरानं तो तळवा पुसला. बोटं एकेक करून पुसली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "लांबच्या भाचे, दुसरी गोळी आन. आन् मग जरा भाईर थांब."

मी गोळी आणली, पाणी दिलं आणि बाहेर आले. सकाळपासून ज्या खोलीतून सुटायला मी धडपडत होते, तिथून निघताना माझे पाय जड झाले होते. स्वयंपाकघरात स्वप्नाली चहाचा ट्रे धरून उभी होती. चहावर साय धरली होती. सोप्यात मामांचं द्राक्षांवरचं बोलणं संपलं होतं. आतून आवाज येत होते, पण शब्द कळत नव्हते. एकदा कुणीतरी रडल्यासारखं वाटलं. दोघींतली कोण ते मला आजही सांगता येणार नाही.

बऱ्याच वेळानं रत्नाबाई बाहेर आली. सोप्यात जाऊन तिनं चपला घातल्या. अण्णा हात जोडून उभे राहिले.

"पुढलं बोलणं इहीनबाईंसंगंच करणार मी," ती म्हणाली. "त्या कराडास्नं आल्या की सांगावा धाडा."

मामांना काही उमगलं नाही. अण्णांना उमगलं आणि त्यांनी जोडलेले हात कपाळाला लावले.

पाहुणे गेले. आम्ही तिघंही आतल्या खोलीत आलो, म्हणजे स्वप्नाली, मी आणि दारापर्यंत येऊन थबकलेले अण्णांचे पाय धरले तर तिसरे. शालनमावशीचा चेहरा सैल पडत चालला होता. गोळी चढत होती. डेअरीच्या बाजूनं गाडीचा हॉर्न ऐकू आला. सिस्टर मला बोलवत होत्या. मी त्या डगडगत्या स्टुलावर बसले होते ती बसूनच राहिले. दुसऱ्यांदा हॉर्न वाजला तरी उठले नाही. वीटभट्टीच्या जागेचं त्या दिवशी मी सिस्टरांकडं काढलंच नाही, आणि नंतरही कधी काढलं नाही.

"काय म्हणाल्या गं त्या?" स्वप्नालीनं आईच्या पायाशी बसत विचारलं.

"ते ऱ्हाऊ दे. आधी तू सांग. पोरगा कसा वाटला?"

पोरगी खाली बघत निऱ्यांची टोकं पिरगाळत राहिली.

"लाजतीस काय? सांग की."

"मी बगितलाच न्हाई," स्वप्नाली म्हणाली.

"आं?"

"माझं समदं ध्यान हिकडं. तू कण्हतीस का, खाट वाजती का. तो काय बोलला, कसा दिसतोय, मला काय ठाऊक न्हाई. सदरा कुठल्या रंगाचा हुता, तेबी सांगता यायचं न्हाई मला."

शालनमावशी तिच्याकडं बघत राहिली. मग ती हसायला लागली, हसता हसता कमरेला हात लावला आणि तशीच हसत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. लेकीचा हात चाचपडत शोधून तिनं आपल्या पोटावर ओढून घेतला.

"मग परत बोलवायला लागंल की," ती म्हणाली. "ह्या खेपंला मी बाहीर बसते. तू नुसती त्याच्याकडं बग."